सर्दीचा स्प्रे किती दिवस मारायचा, आणि कानाला अचानक दडा बसला तर काय करायचं

आमचं मेडिकल ठाण्यात, नौपाड्यात. दिवाळीनंतर हवा बदलली, घोडबंदर रोडची धूळ आणि सकाळचं धुरकट एकत्र झालं की काउंटरवर दर दुसरं गिऱ्हाईक तेच मागतं, दादा नाक चोंदलंय, ते थेंब द्या. देतो. औषध चांगलंच आहे. पण ते किती दिवस घालायचं, कोणी घालायचं नाही हे घाईत कोणी विचारत नाही आणि गर्दीत आम्हालाही सांगायला जमत नाही. वर हल्ली अजून एक प्रश्न येतो, नाकातल्या स्प्रेने कान जातात असं कुठेतरी वाचलं, खरं का? म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. वाचायला वेळ नसेल तर कानाचा भाग तरी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आधी बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. दुकानात ज्याला लोक सरसकट "ओट्रिविन" किंवा "नेझिव्हियन" म्हणतात त्यात साधारणपणे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. पण त्याच नावाने नुसत्या मिठाच्या पाण्याचा स्प्रे पण मिळतो आणि लहान मुलांसाठीचे कमी ताकदीचे थेंब पण मिळतात, खोके दिसायला भाऊ-भाऊच. त्यामुळे नाव सांगून मागू नका, घरी आल्यावर मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा. ०.१ टक्के झायलोमेटाझोलिन मोठ्या माणसांचं, ०.०५ टक्के मुलांचं. ऑक्सिमेटाझोलिनचं उलटं वाटतं, तिथे ०.०५ टक्के मोठ्यांचं. म्हणजे ०.०५ आकडा दिसला म्हणून मुलांचं असं धरून चालायचं नाही. दोन्ही औषधं वेगळी आहेत आणि हा घोळ घरोघरी होतो.

नाक बंद होतं ते फक्त शेंबडाने नाही. नाकाच्या आतलं मऊ अस्तर रक्ताने फुगतं आणि वाट अरुंद होते, म्हणून कितीही शिंकरलं तरी मोकळं वाटत नाही. हे थेंब तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, सूज बसते, ५-१० मिनिटांत श्वास सुरू, आणि ८-१० तास बरं वाटतं. सर्दी मात्र तशीच असते, ती तिच्या वेळेनेच जाते.

आता दिवसांचा हिशोब. ३ दिवस, फार तर ५. झायलोमेटाझोलिन दिवसातून जास्तीत जास्त ३ वेळा, ऑक्सिमेटाझोलिन २ वेळाच, दर १०-१२ तासांनी. त्यापुढे गेलात की नाक औषधाला सवकतं, असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, मग माणूस म्हणतो सर्दी गेलीच नाही आणि परत स्प्रे मारतो, मग रात्री दोनदा उठून मारतो, मग खिशात बाटली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बाटली, गाडीत बाटली. डॉक्टर ह्याला रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात. महिनोन् महिने दर आठवड्याला बाटली नेणारी माणसं आमच्याकडे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुळातली सर्दी कधीच बरी झालेली असते, नाक बंद होतंय ते औषधामुळेच.

ह्यातून बाहेर पडायचं तर एक जुनी युक्ती आहे, आधी एकाच नाकपुडीत बंद करायचं. दुसरीतून श्वास चालू राहतो, झोप होते, आणि पहिली काही दिवसांनी सुधारली की दुसरी पण बंद. मधल्या काळात मिठाच्या पाण्याचा स्प्रे हवा तेवढा वापरा. फ्लुटिकासोन, मोमेटासोनवाले स्टेरॉइड स्प्रे ह्यासाठी डॉक्टर देतात, ते वेगळं प्रकरण आहे, त्यांचा असर यायला काही दिवस जातात पण त्यांची अशी सवय लागत नाही. लोक नेमकं उलटं करतात, स्टेरॉइड नाव ऐकून तो स्प्रे दोन दिवसात सोडतात आणि दुसरा बिनधास्त वर्षभर मारतात.

मारायची पद्धत पण बघून घ्या. हळूच नाक शिंकरून घ्या, मान थोडी पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे जातं, मधल्या पडद्यावर फवारा बसत नाही. मधल्या पडद्यावर सारखा बसला की तिथे कोरडं पडून रक्त येतं. मारल्यावर हलकाच श्वास आत. जोरात सुर्रकन ओढलंत आणि घशात कडू लागलं म्हणजे औषध पोटात चाललं, नाकात राहिलंच नाही. बाटली एकाची एकालाच, नवरा-बायकोने पण वाटून घ्यायची नाही. उघडल्याची तारीख पेनने लेबलवर लिहा.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी घ्यायचंच नाही? बीपी जास्त असलेले, हार्टचे पेशंट, काचबिंदू, थायरॉइड वाढलेला, प्रोस्टेटचा त्रास, डायबिटीस, आणि गरोदर बायका. रक्तवाहिन्या आवळणारं औषध आहे, नाकातून थोडं का होईना अंगात जातंच, आणि गोळीतून तर सगळंच जातं. डिप्रेशनसाठी एमएओआय गटाची गोळी चालू असेल तर ह्यातलं काहीच नको, बीपी धोकादायक चढू शकतं. काका काउंटरवर येऊन म्हणतात बीपीची गोळी चालू आहे ना, मग कंट्रोलमध्येच आहे. काका, आधी मोजून या, मग बोलू.

गोळ्यांचं सांगतो, कारण थेंब नको म्हटलं की लोक तिकडे वळतात. सिनारेस्ट, डी-कोल्ड अशा सर्दीच्या गोळ्यांमध्ये फिनाइलएफ्रिन असतं. अमेरिकेत एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याच्या, सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करायला उपयोगाचं नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने ते काढून टाकायचा प्रस्तावच मांडला. म्हणजे गोळी घेऊन बरं वाटतं ते त्यातल्या पॅरासिटामॉलने आणि ॲलर्जीच्या औषधाने, ज्याने झोप पण येते, तेव्हा ती घेऊन ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाईक काढू नका. आणि ह्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे विसरून वरून क्रोसिन किंवा डोलो घेणारे रोज भेटतात, दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो. दुसरं औषध स्यूडोएफेड्रिन, त्याने नाक खरंच मोकळं होतं, पण युरोपात २०२३-२४ मध्ये त्यावर नवीन इशारे आले, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुर्मिळ पण गंभीर त्रास दिसल्यामुळे, आणि बीपी ताब्यात नसलेल्यांना किंवा किडनीचा मोठा आजार असलेल्यांना ते देऊच नका म्हणून सांगितलं.

लहान मुलं. आपल्याकडे क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय. नाकाचे औषधी थेंब पण लहानग्यांना बालरोगतज्ज्ञांनी ताकद आणि थेंब लिहून दिल्याशिवाय नाही. बाळाला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि नाक ओढून घ्यायचा छोटा पंप पुरतो. आणि बाटली उंचावर ठेवा हे खरंच सांगतोय, हे थेंब मुलाने चुकून प्यायले तर १-२ मिलीने सुद्धा मूल गुंगीत जाऊ शकतं, नाडी आणि श्वास मंदावू शकतो. घरी उलटी करवत बसायचं नाही, बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल.

मिठाचं पाणी घरी करायचं असेल तर अर्धा लीटर पाणी खळखळून उकळा, झाकून गार करा, सपाट पाऊण चमचा मीठ, चहाचा चमचा. जलनेती करणाऱ्यांनी तर नळाचं पाणी थेट नाकात कधीच घालू नका, टाकीचं तर नाहीच, नेग्लेरिया नावाचा जंतू पाण्यातून नाकात आणि तिथून मेंदूत जातो, दुर्मिळ आहे पण झाला तर वाचणारे फार थोडे. उकळलेलं पाणी वापरा, विषय संपला. वाफ घेताना पातेलं मांडीवर नको आणि मुलांना टॉवेलखाली बसवून तर अजिबात नको, भाजण्याच्या केसेस होतात.

आता कान.

नाक आणि कान आतून एका नळीने जोडलेले आहेत, युस्टेशियन ट्यूब. सर्दीत ती सुजून बंद झाली की कानाच्या पडद्यामागची हवा कोंडते, कानाला दडे बसतात, आपलाच आवाज आपल्याला मोठा येतो, गिळलं की टक्क आवाज होऊन जरा उघडतं. हा मधल्या कानाचा मामला, त्रासदायक आहे पण बहुतेक वेळा सर्दीबरोबर जातो. ह्याच्याही आत आतला कान, शंखासारखी वळलेली कोक्लिया. तिथल्या केसासारख्या पेशी आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात, आणि त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

कधीकधी आतला कान अचानक बंद पडतो. सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येत नाही, किंवा फोन त्या कानाला लावला तर समोरच्याचा आवाज फाटका येतो, शब्द कळत नाहीत, कानात शिटी किंवा घूं चालू, काहींना चक्कर. ७२ तासांच्या आत ऐकणं ठरावीक प्रमाणात घसरलं, म्हणजे तपासणीत ओळीने तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त, तर डॉक्टर त्याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. बहुतेकदा एकाच कानाला होतं आणि दहातल्या नऊ जणांत नेमकं कारण सापडतच नाही. गंमत बघा, गंमत कसली, पंचाईत, की माणसाला वाटताना फक्त "कान गच्च झालाय" एवढंच वाटतं. बहिरा झालोय असं वाटतच नाही. मग सर्दी असेल, मळ असेल, एसीचा वारा लागला असेल, आणि माणूस आमच्याकडे येऊन नाकाचा स्प्रे आणि मळ काढायचे थेंब घेऊन जातो.

मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. स्प्रेने आतला कान जातो का? तसं सिद्ध झालेलं नाही, आणि नियमात ३-५ दिवस वापरणाऱ्याने ह्या भीतीने झोप उडवून घ्यायची गरज नाही. शंका येते ती शरीराच्या रचनेमुळे. कोक्लियाला रक्त नेणारी धमनी केसासारखी बारीक आणि एकुलती एक, आपल्या घोडबंदर रोडसारखी, तो तुंबला की पर्यायी रस्ता नाही. म्हणून बीपी, शुगर, हार्टवाल्यांनी रक्तवाहिन्या आवळणारी औषधं मनाने महिनोन् महिने घेऊ नयेत, कान काय नि मेंदू काय. पण मला काउंटरवरून जो धोका दिसतो तो दुसराच आहे. कान जातो तो स्प्रेचा गुण यायची वाट बघण्यात गेलेल्या दिवसांमुळे. आतला कान अचानक बंद पडला तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या २ आठवड्यांत, आणि त्यातही जितका लवकर तितका बरा. "हा स्प्रे संपेपर्यंत बघू" म्हणणाऱ्याचे तेच दिवस जातात.

मग घरी ओळखायचं कसं? एक साधी गोष्ट करून बघा. शांत खोलीत तोंड मिटून "हंऽऽऽ" असा आवाज काढा आणि तो कुठल्या कानात मोठा येतो ते बघा. बंद वाटणाऱ्या कानात मोठा आला तर मळ, पाणी किंवा सर्दीचा दडा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाचा संशय, आणि मग आजच्या आज ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून हीच गोष्ट नीट करतात. ही घरची चाचणी तपासणीची जागा घेत नाही, उत्तर गोंधळाचं आलं तरी जायचंच. बोटं कानाजवळ चोळून दोन्ही बाजूंचा फरक बघा, फोन आलटून पालटून लावून बघा. सर्दी नसताना एकच कान अचानक गेला तर चाचण्या पण करत बसू नका, निघा.

आणि चेहरा एका बाजूला ओढला गेला, जीभ जड झाली, हातपाय ढिला पडला, दोन-दोन दिसायला लागलं किंवा चक्कर इतकी की उभं राहवत नाही, तर ईएनटी पण नाही, १०८ ला फोन, स्ट्रोक असू शकतो.

तोवर काय करायचं नाही ते सांगतो. लसणाचं गरम तेल कानात नाही, आजीने सांगितलं तरी नाही, पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत जातं. कानाची काडी, चिमटा, सेफ्टी पिन नाही. तळावपाळीला बाकड्यावर बसून कुणाकडून मळ काढून घेणं नाही. घरात पडलेले जुने कानाचे थेंब नाहीत, त्यात जेंटामायसिन किंवा निओमायसिन असू शकतं आणि पडदा फाटलेला असेल तर ती औषधंच आतल्या कानाला विषारी आहेत. दडा उघडायला नाक दाबून पूर्ण ताकदीने फुंकर मारणं पण नाही, हळू केलं तर ठीक, पण जोराने दाब दिला तर आतल्या कानाच्या पातळ पडद्याला इजा होऊ शकते. आणि दुसऱ्याची उरलेली स्टेरॉइडची गोळी मनाने नाही.

कुठे जायचं? ओळखीचे ईएनटी जवळ असतील तर तिथे, फक्त फोनवर अपॉइंटमेंट घेताना "कान दुखतोय" म्हणू नका, "एका कानाने काल रात्रीपासून अचानक ऐकू येत नाही" असं म्हणा, नाहीतर पुढच्या गुरुवारची वेळ मिळते. सरकारीत ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय, आणि खासगीत नेरूळला डी. वाय. पाटील. सकाळी ओपीडीच्या वेळेत केसपेपर काढा आणि तेच वाक्य तिथेही सांगा. फक्त ऐकण्याची तपासणी अडली असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं. तपासणीचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री, हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत-खुपत काही नाही. कान नुसता बघून "मळ नाही, पडदा ठीक आहे, जा घरी" असं झालं तर नम्रपणे विचारा, डॉक्टर, ऑडिओमेट्री करून घेऊ का? पडदा ठीक दिसतोय आणि तरी ऐकू येत नाही, हीच तर आतल्या कानाची खूण.

निदान झालं तर साधारण १०-१४ दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. डायबिटीसवाल्यांनी शुगर चढते म्हणून घाबरून नाही म्हणू नका, आधी सांगा, पडद्यातून इंजेक्शनने औषध थेट मधल्या कानात द्यायचा मार्ग असतो. गोळ्यांनी पुरेसा फरक नाही पडला तर तेच इंजेक्शन नंतरच्या आठवड्यांत पण देतात. एमआरआय सांगितला तर पैसे उकळतायत असं लगेच समजू नका, ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायचं असतं. काहींचं आपोआप पण सुधारतं, अगदी उपचाराशिवाय, म्हणूनच शेजारी सांगतात "माझं आपोआप बरं झालं". झालं असेल. तुमचं होईलच असं नाही.

विमानाचं राहिलं. आता नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय, त्यामुळे हा प्रश्न वाढलाय. सर्दी जोरात असेल आणि प्रवास पुढे ढकलता येत असेल तर ढकला, कानाला खरा त्रास उतरताना होतो. जायचंच असेल आणि बीपी वगैरे नसेल तर विमान खाली यायला लागण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी स्प्रे, उतरताना झोपायचं नाही, लिमलेटची गोळी चघळा, सारखं गिळत राहा, बाळाला दूध पाजा. उतरल्यावर दोन दिवसांत कान उघडला नाही, किंवा लगेच चक्कर आणि ऐकणं कमी वाटलं, तर तेच, ईएनटी.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिप पिशवीत घालून न्या, फोटो पण चालतील. टीबीची इंजेक्शनं, किमो, लघवी वाढवणारी गोळी, रोजची ॲस्पिरिन, ह्यातलं काही चालू असेल किंवा झालं असेल तर विचारायची वाट न बघता सांगा, ह्यातल्या काही औषधांचा कानावर परिणाम होतो. आणि घरात कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येणं कमी झालं असेल, विशेषतः आईच्या बाजूला, तर ते तर नक्की सांगा, काही घराण्यांत जेंटामायसिन-अमिकासिन गटाच्या इंजेक्शनचा कानाला जास्त धोका आईकडून वारशाने येतो. पहिला ऑडिओमेट्रीचा कागद प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, उपचार संपल्यावर आणि सहा महिन्यांच्या आत परत तपासणी करायची असते, तेव्हा तोच लागतो.